अठ्ठावीस पासिंग

बुलढाणा जिल्ह्यात जुनी गाडी एकटा माणूस घेत नाही. पैसे एकाचे असतात, पण गाडी पाहायला चौघे तरी जातात. एक मिस्त्री, एक गाड्यांमधलं कळणारा मित्र, एक गेल्या वर्षी अशाच व्यवहारात हात पोळलेला आणि एक त्या दिवशी घरी काही काम नव्हतं म्हणून आलेला. शेवटचा शब्द बहुधा या चौथ्याचा असतो. त्याचं काहीच जात नसल्यामुळे तो एकटाच निर्भीडपणे बोलू शकतो.

तपासणीची पद्धत ठरलेली आहे. बॉनेट उघडायचं आणि चौघांनी आत डोकावायचं. आतलं फक्त मिस्त्रीला कळतं, तरी डोकावायचं सगळ्यांनी. मग एकाने टायरला लाथ मारायची. लाथ मारून आजवर कोणाला काय समजलं हा संशोधनाचा विषय आहे, पण लाथ न मारता व्यवहार केला तर घरी वडील विचारतात. मग काचांवरचे नंबर जुळवायचे. एखादी काच बाकीच्यांशी जुळली नाही, तर गाडी कुठेतरी ठोकलेली आहे असं धरून चालायचं. दरवाजाचं रबर ओढून खालचं वेल्डिंग बघायचं. पत्र्यावर बोटाने टिचक्या मारायच्या आणि आवाज बदलला की मान हलवून म्हणायचं, “इथं पुट्टी आहे.”

विकणाऱ्याची भाषाही ठरलेली. “सिंगल हँड आहे.” “कंपनी कलर, कुठं टचअप नाही.” “एसी चिल्ड.” “टायर सत्तर टक्के.” आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, “डॉक्टरची गाडी आहे.” डॉक्टरची गाडी म्हणजे घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, मध्ये खड्डासुद्धा नाही. विकायला निघालेल्या सगळ्या गाड्या खरोखर डॉक्टरांच्या असतील, तर एकेका डॉक्टरकडे दहा-बारा गाड्या निघतील आणि तो पेशंट कधी तपासतो, याची चौकशी आरोग्य खात्याला लावावी लागेल.

ट्रायलचे मार्गही भूगोलाप्रमाणे पडलेले आहेत. घाटाखालचा माणूस खामगावहून गाडी काढतो ती शेगावला नेतो, गजानन महाराजांचं दर्शन घेतो, कचोरी खातो आणि परत येतो. पेट्रोल विकणाऱ्याचं. घाटावरचा माणूस गाडी राजूर घाटात घालतो. मोताळ्याकडून बुलढाण्याला येताना पाच माणसं बसवून, एसी लावून, गाडी न कण्हता वर आली तर इंजिन पास. राजूर घाटाने नापास केलेली गाडी मग सपाट मुलखातल्या गिऱ्हाइकाला दाखवतात.

ही विद्या आमच्याकडे मोटारीच्याही आधीची आहे. बैलबाजारात आमच्या आजोबांनी हेच केलं. दात मोजले, पाठीवर थाप मारली, चार पावलं चालवून पाहिलं आणि दलालाने रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवला. बैल विकणारा बैलाची सगळी कुंडली सांगायचा, फक्त तो रात्री दावं तोडतो एवढं राहून जायचं. आता रुमाल गेला आहे. दलाल कोपऱ्यात नेऊन कानात आकडा सांगतो. दावं तोडण्याच्या जागी गिअरबॉक्स आला आहे, आणि सांगायचं राहून जाण्याची प्रथा चालूच आहे.

पण खरी तपासणी गाडीची नसतेच. ती विकणाऱ्याची असते. “तुम्ही कोणत्या गावचे?” “मेहकरचे? मग तिकडच्या पाटलांचे कोण?” अशी सुरुवात होते आणि तिसऱ्या कप चहाला नातं सापडतं. विकणाऱ्याची मावशी घेणाऱ्याच्या साडूच्या गावची निघते. एकदा मावशी सापडली की कागदपत्रं मागणं हा अपमान ठरतो. “घरचाच माणूस आहे, करून घेऊ नावावर सवडीनं,” असं ठरतं आणि गाडी निघते. ही सवड मग कोणाला मिळत नाही.

चिखलीच्या माझ्या भाऊजींची गाडी अशीच आहे. पुण्याची, बारा पासिंग, आणि गंमत म्हणजे ती खरोखर डॉक्टरची आहे. इतकी डॉक्टरची आहे की कागदावर अजूनही डॉक्टरचीच आहे. गाडी घेताना डॉक्टरांनी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करून दिल्या होत्या. ते फॉर्म पुढच्या ड्रॉवरमध्ये, गॉगल, सुपारीची पुडी आणि शेगावचा अंगारा यांच्या सोबतीला आहेत. कायदा सांगतो, गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. विमा नावावर करून घ्यायलाही १४ दिवसांचीच मुदत. भाऊजी म्हणतात, “सह्या हायत ना बाप्पा! काम कधीबी होते.” सह्यांची शाई आता इतकी फिकी झाली आहे की उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही.

यातून एक वेगळाच स्नेह जुळला आहे. फास्टॅग डॉक्टरांच्या नावावर, मोबाईल नंबर डॉक्टरांचा. भाऊजी समृद्धी महामार्गावर चढले की मेसेज पुण्याला. भाऊजींनी वेग ओलांडला की चलन पुण्याला. मग संध्याकाळी डॉक्टरांचा फोन येतो, “सिंदखेड राजाजवळ फार घाईत होता का हो?” ताईला न सांगता भाऊजी कुठे जाऊन आले हे ताईच्या आधी डॉक्टरांना कळतं. दोघांची भेट गाडी घेतली त्या एका दिवसाचीच, पण आज पुण्यात भाऊजींच्या हालचालींची त्यांच्याइतकी खडान्‌खडा माहिती दुसऱ्या कोणाला नसेल.

बाहेरच्या पासिंगची तऱ्हा याहून न्यारी. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये गदा आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे म्हाताऱ्या ठरणाऱ्या गाड्या स्वस्तात निघतात आणि दलालांच्या हाताने महाराष्ट्राकडे वळतात. कागदावर रस्ता सरळ आहे. तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, आणि गाडी १२ महिन्यांवर इथे राहणार असेल तर इथला कर भरून इथला नंबर घ्यायचा. प्रत्यक्षात मालक अकराव्या महिन्यापासून दिवस मोजायचं सोडून देतो. परक्या मुलखातून येऊन, कसलीही नोंदणी न करता, आमच्या जिल्ह्यात कायमचं राहायची सवलत आजवर एकाच वस्तूला मिळाली, ती म्हणजे लोणारला पडलेली उल्का. शेवटी २०२० मध्ये तिच्या सरोवराचीही रामसर यादीत नोंद झालीच. म्हणजे कागद कोणालाच चुकत नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भाऊजींच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, जर्मनीतल्या स्टुटगार्टहून फोन केला, “बाबा, मी गाडी घेतो आहे. सेकंडहँड.”

भाऊजींना आधी नीट पटेना. मर्सिडीज आणि पोर्श जिथे तयार होतात त्या गावात राहून जुनी गाडी घेणं म्हणजे खामगावात राहून चांदी अकोल्याहून आणण्यासारखं त्यांना वाटलं. सात हजार युरोचे रुपये करून झाल्यावर तर ते उठून उभेच राहिले. “एवढ्यात इथं नवी येते!” शेवटी पोरगा ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी हातातलं सोडून कर्तव्य म्हणून बैठक बोलावली. मिस्त्री आला, मित्र आला, हात पोळलेला आला, आणि रिकामा तर आधीपासून बसलेलाच होता. मी मामा या नात्याने हजर होतो. जुनी गाडी एकट्याने घ्यायची नाही हा नियम हद्द बदलली म्हणून बदलत नाही.

पहिला अडथळा गाडीचा नव्हता, चालवणाऱ्याचा होता. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला आल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते. पुढे त्यांचं लायसन्स काढायचं, आणि त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा. शिवाय डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग. लेखी परीक्षेत ३० प्रश्न. ती जर्मनखेरीज आणखी १२ भाषांत देता येते, त्यांत मराठी नाही आणि हिंदीही नाही. शाळेत असल्यापासून शेतात ट्रॅक्टर चालवलेला पोरगा त्या वर्गात मान खाली घालून बसला. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला नियम. त्याने तो आम्हाला समजावला तेव्हा बैठक बराच वेळ गप्प होती. मग मित्राने विचारलं, “उजवीकडून सायकल आली आन् आपण ट्रकमंधी असलो तरी?” तरीसुद्धा. आमच्याकडे चौकात आधी कोण जाणार हे वजनावरून ठरतं आणि ते कोणालाही लेखी विचारावं लागत नाही. हॉर्नही तिथे गावात धोका असेल तरच वाजवायचा. हे ऐकून मिस्त्री म्हणाला, “मंग दुसऱ्याले समजते कसं, का आपण येऊन राह्यलो म्हून?”

लायसन्स मिळालं आणि भाचा जाहिराती वाचून दाखवू लागला. “पेन्शनर आजोबांची गाडी. गॅरेजमध्ये ठेवलेली. गाडीत कधी सिगारेट ओढलेली नाही. सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी उपलब्ध.” भाऊजींना एकदम घरच्यासारखं वाटलं. “म्हणजे त्यायची डॉक्टरची गाडी!” पण पुढे जे होतं त्याने सगळे हादरले. विकणाऱ्याने स्वतःहून लिहिलं होतं, मागच्या बंपरवर उजवीकडे चार सेंटीमीटरचा ओरखडा, ड्रायव्हरच्या सीटवर छोटा डाग. फोटोसुद्धा जोडले होते आणि फोटोत ओरखड्याशेजारी फूटपट्टी धरली होती. हात पोळलेल्याने तात्काळ निकाल दिला, “एवढं खरं सांगून राह्यला म्हणजे काहीतरी लई मोठं लपवून राह्यला. सोडून दे.”

भाच्याने सोडलं नाही. शनिवारी व्हिडिओ कॉलवर तपासणी ठरली. फोन मिस्त्रीच्या हातात. “बॉनेट उघड. ऑइलची कांडी काढ. कॅमेरा खाली घे. आता रेस दे... आणखीन दे... थांब.” मिस्त्रीने डोळे मिटले. चिखलीच्या बसस्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न वगळून स्टुटगार्टचं इंजिन ऐकणं सोपं नव्हतं. “टॅपेट जरासं वाजते,” तो म्हणाला, “पुन्हा रेस दे.” तेवढ्यात तिथल्या वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि एक आजीबाई काहीतरी बोलल्या. गाडी उभी असताना विनाकारण इंजिन चालू ठेवायला तिथे कायद्याने बंदी आहे. मिस्त्रीच्या उभ्या आयुष्यात रेस देऊ नका म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. त्याने फोन परत केला आणि म्हणाला, “मंग तपासावं कसं?”

तपासायचं ते तिथल्या तपासनिसांनी आधीच तपासलं होतं. तिथे नवी गाडी तीन वर्षांची झाली की आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तांत्रिक तपासणी असते. टीयूव्ही ही त्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली संस्था. ब्रेक, दिवे, धूर, गंज, स्टिअरिंग, सगळं बघून ते मागच्या नंबरप्लेटवर एक गोल टिकली लावतात. पुढची तपासणी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात ते त्या टिकलीवरून रस्त्यावरच्या कोणालाही कळतं. दर वर्षाच्या टिकलीचा रंगही वेगळा. तपासणीच्या कागदावर किलोमीटरचा आकडा चढतो, त्यामुळे मीटर मागे घ्यायचं तर मागचे सगळे कागद मागे घ्यावे लागतील. मीटरशी छेडछाड हा तिथे २००५ पासून गुन्हाच आहे. आमच्या मिस्त्रीने हे सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, “मंग तिथले मिस्त्री खातात काय?”

त्याला बरं वाटावं म्हणून भाच्याने एक गोष्ट सांगितली. त्याच्या गावापासून फार लांब नसलेल्या मानहाइमला कार्ल बेंझने मोटार तयार केली, १८८६ मध्ये पेटंट घेतलं आणि गाडी घरी ठेवून तो सुधारत बसला. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी शंभरेक किलोमीटरवर फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेली. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेऊन टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. मोटारीची जगातली पहिली मोठी ट्रायल झाली ती अशी. माहेरी जायला निघालेल्या बाईला मोटार अडवू शकली नाही, यात ताईला काहीच नवल वाटलं नाही. मिस्त्री मात्र पिनेवर थांबला. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “बाई कामाची होती.” जर्मन देशाबद्दलचा त्याचा राग तिथून कमी झाला.

भावाच्या वेळी पुन्हा पेच आला. भाऊजींचा आदेश होता, निम्म्यापासून सुरू कर. तिथे जाहिरातीतच लिहितात, किंमत पक्की आहे की बोलण्याला जागा आहे. ही पक्की होती. “पक्की म्हणजे किती पक्की?” भाऊजींनी विचारलं. पोराने लाजत लाजत विचारून पाहिलं. आजोबांनी शांतपणे जाहिरातीवर बोट ठेवलं, मग आत जाऊन कॉफी आणली आणि बर्फातले टायर फुकट दिले. भाव एक युरोही उतरला नाही. भाऊजींनी मात्र गावात सांगितलं, “चार टायर पाडून घेतले.”

आजोबांनी भाच्याला त्याचं गाव विचारलं नाही, वडील काय करतात विचारलं नाही, मावशीचा शोध घेतला नाही. त्यांनी पासपोर्ट पाहिला, मोटार क्लबचा छापील करारनामा काढला आणि दोघांनी दोन प्रतींवर सह्या केल्या. इकडे भाऊजी अस्वस्थ. “साक्षीदार कोण?” कोणी नाही. “ओळख कोणाची?” कोणाची नाही. “मग विश्वास कशावर?” भाच्याने करारनामा कॅमेऱ्यासमोर धरला. भाऊजींना तो दिसला, पण त्यात माणूस दिसेना. परक्या मुलखात पोराची ना सोयरीक, ना शिफारस. तिथे त्याच्यासाठी उभा होता तो एक कागद. आणि खरं सांगायचं तर तो बराच घट्ट उभा होता.

नंतरचं काम झटपट झालं. तिथे मालकीचा एक कागद आणि गाडीत ठेवायचा दुसरा. विमा आधी घ्यायचा, त्याचा सांकेतिक क्रमांक दिल्याशिवाय नोंदणीच नाही. विमा कंपनीने मात्र भाच्याला शून्य वर्गात घातलं, म्हणजे हप्ता जबर. इथे इतकी वर्षं घाट चढला-उतरला त्याची तिथे किंमत शून्य. मिस्त्रीने हे फार मनाला लावून घेतलं. राजूर घाटाचा तो अपमान आहे असं त्याचं म्हणणं. पण एका सकाळीत गाडी भाच्याच्या नावावर झाली. त्याच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं, जे आमच्या सातबाऱ्यावर अजून झालेलं नाही.

आणि नंबर! तिथे आधी शहराचं अक्षर येतं, पुढची अक्षरं आणि आकडे, मोकळे असतील तर, थोडे पैसे भरून आपल्या आवडीचे घेता येतात. आमच्याकडे ४१४१ वळवून त्याचा ‘दादा’ करणारे आहेतच, त्या परंपरेला जागून भाच्यानेही मागणी नोंदवली. स्टुटगार्टचं एस, त्यापुढे एमएच, त्यापुढे आमच्या बुलढाण्याचे २८. फोटो आला तेव्हा बैठकीत जो जल्लोष झाला तो जिल्हा परिषद जिंकल्यावरही होत नाही. सात समुद्रापलीकडे अठ्ठावीस पासिंग! रिकामा मित्र म्हणाला, “आता टोल लागाले नाई पाह्यजे.”

पूजाही झाली. लिंबं चाकांखाली ठेवली, पण नारळ रविवारी रस्त्यावर फोडायचं धाडस झालं नाही. रविवारी तिथे आवाज करत नाहीत. दारात बादली घेऊन गाडी धुवायलाही बऱ्याच गावांत मनाई. नारळ सोमवारी घरातच, मोरीत फुटला. भाच्याने खोबऱ्याचा प्रसाद आजोबांना नेऊन दिला. त्यांनी तो घेण्याआधी त्यात काय काय घातलं आहे ते विचारलं.

तर आता आमच्या घरातला हिशेब असा आहे. भाचा जर्मनीत परका. त्याला भाषा अर्धी येते, त्याचा व्हिसा मुदतीचा आहे, पण त्याची गाडी शंभर टक्के त्याची आहे. भाऊजी चिखलीत जन्मले, वाढले, आठवडी बाजारात त्यांना पाच मिनिटांचं अंतर कापायला नमस्कार करत तास लागतो, आणि ते फिरतात ती गाडी पुण्याच्या एका सद्‌गृहस्थाची आहे. उद्या दुर्दैवाने काही घडलं तर पोलीस आधी पुण्याला जातील आणि विमा कंपनी विचारेल, हे गृहस्थ कोण? परका नक्की कोण, याचा निकाल आरसी बुकाने कधीच लावलेला आहे.

विश्वास असू द्या, मावशीही सापडू द्या, चहा तिसराही घ्या. भेंडवळची घटमांडणी दरवर्षी पाऊसपाणी आणि पीक सांगते, पण जुन्या गाडीचा क्लच किती दिवस जाईल हे तिच्यातही येत नाही, तेव्हा तिथे मिस्त्रीवरच भिस्त ठेवा. मात्र कागदाचं काम मावशीवर सोडू नका. गाडीवर कर्ज होतं का ते पाहा, असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ घ्या. गाडी दुसऱ्या आरटीओतून येत असेल तर ना हरकतीचा फॉर्म २८ आणा. जुनी चलनं आधी भरून घ्या. फॉर्म २९ आणि ३० ड्रॉवरमध्ये न ठेवता आरटीओत द्या आणि विमा स्वतःच्या नावावर करा. हे वाचून झालं की उठून आपल्या गाडीचं आरसी बुक काढा आणि त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचा. ते तुमचं नसेल तर या आठवड्यातच बुलढाण्याची एक चक्कर टाका. पुण्याच्या डॉक्टरसाहेबांनाही कधीतरी शांत झोप लागू द्या.